गाठ काढायची, नस राखायची

खोलीतले दिवे मालवतात. बाळाच्या मानेवरच्या फुगवट्याला टॉर्च टेकवला की अख्खी गाठ आतून लालसर उजळते. आत पाणी आहे, हे तिथंच कळतं. सोनोग्राफी, एमआरआय त्यानंतर.

ही जन्मजात गाठ, ‘सिस्टिक हायग्रोमा’. हा कॅन्सर नव्हे. ग्रहणात आईनं काही चिरलं म्हणूनही हे झालेलं नाही, पण घरोघरी पहिला आळ तिच्यावरच येतो. लसिका म्हणजे पेशींभोवतीचं पाणी. ते वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांची घडण गर्भात बिघडते आणि लसिका पुढे न वाहता पिशव्यांत साचते. बहुतेकदा त्यामागे ‘पीआयके३सीए’ या जनुकातला बदल असतो. तोही फक्त त्या भागातल्या पेशींत, आईबापांकडून आलेला नव्हे.

पिशव्या मोठ्या असतील तर अनेकदा सुईनंच काम भागतं. 1987 मध्ये जपानमध्ये डॉ. ओगिता यांनी ‘ओके-432’ हे औषध गाठीत टोचून ती आक्रसवून दाखवली. आपल्याकडे त्यासाठी ब्लिओमायसिन जास्त वापरलं जातं.

ऑपरेशन ठरलंच, तर चीर मानेच्या वळीतून घेतात. गाठीची भिंत कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. ती फाटली की पाणी निघून जातं, गाठ चपटी होते आणि तिची कड सापडेनाशी होते. त्यामुळे सर्जन भिंग लावून, तसूतसूनं पुढे सरकतात. जबड्याच्या कडेशी खालचा ओठ हलवणारी बारीक नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) असते. ती दुखावली तर रडताना ओठ वाकडा होतो. उपकरणानं नसेला हलका विद्युतस्पर्श केला की ओठ थरथरतो. मग तिथं हात जपून. हा थरथराट दिसावा म्हणून भूलतज्ज्ञ त्या वेळी स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल ठेवत नाहीत.

नसेला चिकटलेला तुकडा मुद्दाम आत ठेवतात. आईबापांना ते पटत नाही. ‘सगळी का नाही काढली?’ कारण गाठ जिवावर उठणारी नाही, आणि तुटलेली नस पूर्ववत होण्याची हमी नाही.

जिभेत विखुरलेल्या बारीक पिशव्या मात्र चिवट. त्या परत येतात. अशा मुलांना सिरोलिमस देतात. पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध रक्तातली पातळी तपासत द्यावं लागतं.

ऑपरेशननंतर काही दिवस जखमेत ठेवलेल्या नळीतून पिवळसर पाणी येत राहतं. गाठ थोडी उरली असेल, तर साध्या सर्दीतही ती एकाएकी फुगू शकते. बाळाला धाप लागली किंवा दूध ओढता येईना, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच हॉस्पिटल गाठायचं.