तणमोर, तित्तर आणि माळाची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत पाऊस स्थिरावला, माळावरचं गवत गुडघ्याला लागलं, की त्या गवतातून एक पक्षी उसळून वर येतो. काळाभोर, साधारण कोंबडीएवढा, डोक्यामागे वळलेल्या नाजूक पिसांचे तुरे. पंखांची करकर करत माणसाच्या उंचीएवढी उडी घेतो आणि उठला होता तिथेच परत गवतात उतरतो. जरा वेळाने पुन्हा उडी. दिवसभरात अशा शेकडो. हा तणमोराचा नर. उंच गवतात मादीला दिसायचं तर त्याला दुसरा इलाज नाही.

भारतीय उपखंडाबाहेर हा पक्षी कुठेच नाही. आता गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि आपल्याकडे तो मोजक्याच ठिकाणी विणीला येतो. २०२१ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत झाली, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडची पायरी. इंग्रजांच्या काळात बंदूकवाल्यांनी त्याला ऐन विणीच्या दिवसांत टिपलं. ज्या उडीने मादी यायची, त्याच उडीने नेमबाजही यायचा.

आज मला तणमोराबरोबर त्याच्या शेजाऱ्यांबद्दलही बोलायचं आहे. पहाटे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, टिपेचा सूर लावणारा तित्तर. पायाखालून भुर्रकन उडून काळजाचा ठोका चुकवणारे लावे. सकाळी थव्याने पाणवठ्यावर उतरणाऱ्या पखुर्ड्या; त्यांचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि ते पाणी उडत उडत पिलांपर्यंत नेतो. हे सगळे जमिनीवर राहणारे, जमिनीवरच अंडी घालणारे. माणसाने पिढ्यानपिढ्या यांची शिकार केली. आणि शिकार करणाऱ्यांत यांना सगळ्यात जवळून ओळखलं ते फासेपारध्यांनी, फासे लावून शिकार करणाऱ्या भटक्या जमातीने.

त्यांचं कसब मी पाहिलं आहे. एका म्हाताऱ्या पारध्याने रिकाम्या जागेवर, फक्त दाखवण्यापुरतं मांडलेलं. बारीक काड्यांना बांधलेल्या फाशांची रांग जमिनीत रोवायची, मागे पाळीव तित्तराचा पिंजरा ठेवायचा. पिंजऱ्यातला ओरडला की त्या हद्दीचा रानतित्तर भांडायला धावत येतो आणि पाय फाशात अडकतो. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या हद्दीचा नर कुठल्या झुडपाखाली रात्र काढतो, कोणत्या वाटेने येईल, जोडीला मादी आहे का, हे कळल्याशिवाय रांग मांडून उपयोग नाही. तो म्हातारा पारधी मातीवरचे ठसे पाहून सांगत होता, इथून मादी गेली, पिलं सोबत होती, सकाळीच. माझ्यासारख्याला दुर्बीण घेऊन जे दिसत नाही, ते त्याला उघड्या डोळ्यांनी वाचता येत होतं.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला होता. त्यात दिसलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळींदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू लहान मांसाहारी प्राणी आणि नदीतले मासे, कासवं पकडत. फासेपारधी काळवीट आणि तित्तर, लावे, मोर असे पक्षी धरत. एकाच माळावर तीन जमाती, पण एकीच्या ताटात दुसरीचा हात नाही. आणि फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडलं तर ते सोडून द्यायची फासेपारध्यांची रीत होती. जंगलखातं जन्मालाही आलं नव्हतं तेव्हापासूनची ही शिस्त.

मग १८७१ चा कायदा आला आणि इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. त्यांत पुढे पारधीही आले. तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये पुसला गेला. लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही, हे आपण सगळे जाणतो. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करणंही संपलं. हा कायदा हवाच होता, आजही हवा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ढाब्यावर चोरून तित्तर मागणाऱ्याला मी माफ करणार नाही. पण बंदी घालताना कोणी विचारलं नाही की या माणसांनी उद्यापासून खायचं काय? आणि त्याहून मोठा प्रश्न कोणीच विचारला नाही: फासे बंद झाले, आता या पक्ष्यांनी राहायचं कुठे?

कारण श्रोतेहो, माळ चालला आहे. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी ही गवतं जिथे शेकडो वर्षं वाढली, ती जमीन सरकारी नकाशात पडीक म्हणून लागते. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी करायचंच, असं सगळ्यांना वाटतं. कुणी खड्डे घेऊन गिरीपुष्प लावतं, कुणी सलग चर खोदतं, कुणी नांगर घालतं, अलीकडे सौर पॅनेलच्या रांगा उभ्या राहतात. झाडं लावणारा तर पुण्यकर्म केल्याच्या समाधानात असतो. पण तणमोराला झाड नको असतं. त्याला मोकळं, चहूकडे नजर पोचेल असं गवत हवं असतं. माळावर दाट झाडं लावणं म्हणजे त्याचं घर पाडणंच आहे, हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

माळ आक्रसला तसा तणमोर सोयाबीनच्या शेतात अंडी घालू लागला. तीन-चार अंडी, सुमारे तीन आठवडे उबवणी, सगळा भार एकट्या मादीवर. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपली डवरणी, निंदण, फवारणी चालू असते.

या फवारणीबद्दल थोडं सविस्तर बोलतो. इंग्लंडमध्ये करड्या तित्तराची संख्या झपाट्याने उतरली तेव्हा डिक पॉट्स नावाच्या संशोधकाने १९६८ पासून ससेक्स परगण्यातल्या शेतांवर काम सुरू केलं. मोठे तित्तर दाणे आणि पानं खातात, त्यांचं भागत होतं. मरत होती ती पिलं. पिलांना पहिले काही आठवडे किडेच लागतात. तणनाशकाने तण गेलं, तणावरचे किडे गेले, आणि पिलं उपाशी मेली. उपाय निघाला तो साधा: गव्हाच्या शेताची कडेची पट्टी न फवारता सोडा. तशा शेतांत पिलं जास्त जगली. या कामामागे उभी होती शिकारी आणि जमीनदार यांची संस्था. तित्तर टिकला तरच आपला छंद टिकेल, हे त्यांना कळत होतं.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. १९३७ मध्ये तिथे कायदा झाला आणि शिकारीच्या बंदुका व काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला गेला. १९८२ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या फेझंट पक्ष्याच्या शिकाऱ्यांनी एकत्र येऊन संस्था काढली. स्थानिक शाखेने जमवलेला पैसा कुठल्या गवतावर खर्च करायचा हे त्या शाखेनेच ठरवायचं, असा त्यांचा नेम आहे. पुढे १९८५ च्या शेती कायद्याने धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्याला सरकार दरवर्षी मोबदला देऊ लागलं. नांगर थांबला, माती थांबली, पक्ष्यांना घरटी करायला जागा मिळाली.

आपल्याकडे शिकार पुन्हा सुरू करा, असं मी मुळीच म्हणत नाही. आपले पक्षी इतके थोडे उरलेत की तो विचारही नको. घ्यायचं ते एवढंच, की तिथे गवत राखणाऱ्याला पैसे मिळतात आणि पक्ष्यामागे फिरलेल्या माणसाला त्या कामात मान असतो. आपला फासेपारधी कर कुठून भरणार? त्याच्याकडे ज्ञान आहे. त्या ज्ञानाची मजुरी द्या.

हे होऊ शकतं. कारंजा लाडच्या ‘संवेदना’ या संस्थेने वाशीम-अकोल्याच्या फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोर शोधण्याचं आणि माळ राखण्याचं काम उभं केलं आहे. पूर्वी ज्या नजरेने पक्षी फाशात यायचा, तीच नजर आता घरटं शोधते आणि त्यावर पहारा ठेवते. वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. वनजमिनीवरच्या सामूहिक हक्काची वाट खुली आहे. माळ त्यांच्या नावावर राखायला द्या, गवत कापून विकण्याचा पहिला हक्क त्यांना द्या, आणि वनखात्याने पक्षीगणनेला त्यांना हंगामी मजूर म्हणून न नेता मार्गदर्शकाच्या पगारावर न्यावं, असं माझं ठाम मत आहे.

शेतकरी बांधवांनो आणि भगिनींनो, धुऱ्यावरचं गवत उन्हाळ्यात पेटवू नका. तित्तराचा संसार त्या धुऱ्यावरच असतो. शेताच्या कडेची एखादी पट्टी फवारणीतून सोडा. डवरणीत अंडी दिसली तर त्याभोवती चार पावलं जागा सोडून पुढे जा, हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. माळावरचं गवत दसऱ्यानंतर कापा, तोवर पिलं उडती होतात. आणि गावच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर वृक्षारोपणाचा प्रस्ताव ग्रामसभेत आला, तर सही करण्याआधी वस्तीवरच्या फासेपारध्याला सभेत बोलवा आणि त्या जागेवर पावसाळ्यात काय काय उतरतं ते त्याच्या तोंडून ऐकून घ्या.

नमस्कार.