वळिवड्याचा पोलिश कॅम्प

(दृश्य: मिरज–कोल्हापूर रेल्वेमार्ग, पंचगंगेवरचा पूल)

मिरजेहून येणारी गाडी रुकडी सोडते, पंचगंगा ओलांडते आणि वळिवडे नावाच्या छोट्या स्टेशनावर येते. पुढे कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. १९४३ साली या स्टेशनाशेजारच्या माळावर एक अख्खं गाव वसलं. तिथं राहायला आलेल्या बायका, पोरं आणि थोडीफार म्हातारी माणसं गोरी होती, पण इंग्रज नव्हती. ती पोलंडची होती, आणि घर सुटून त्यांना तीन वर्षं उलटली होती.

(दृश्य: युरोपचा जुना नकाशा)

सप्टेंबर १९३९. पश्चिमेकडून जर्मनी पोलंडमध्ये घुसला आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना १९४० आणि ४१ मध्ये मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आलं. लाकूडतोड, उपासमार, टायफस. किती जणांना तिथल्याच मातीत पुरावं लागलं!

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला आणि फासे पलटले. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी मॉस्कोनं करार केला. कैदेतल्या पोलिश पुरुषांची फौज उभी करायचं ठरलं. तिचे सेनापती जनरल आंदेर्स. १९४२ मध्ये ही फौज कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली, आणि तिच्याबरोबर हजारो बायकामुलंही निघाली. पुरुष युद्धावर गेले. बायकामुलांना ठेवायचं कुठं?

एक वाट आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींकडे गेली. दुसरी कराचीमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरचे महाराज जामसाहेब यांनी जवळच्या बालाचडीला अनाथ पोरांसाठी घरं बांधून दिली, ती गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण देशातली सगळ्यात मोठी पोलिश वस्ती वळिवड्याची. ऐन भरात तिथं सुमारे पाच हजार माणसं राहत होती.

(दृश्य: कॅम्पची जुनी छायाचित्रं)

कौलारू बराकींच्या लांब रांगा. एका बराकीत अनेक बिऱ्हाडं, प्रत्येकाला खोल्या, स्वयंपाकघर आणि ओसरी. इथं या लोकांनी चर्च उभारलं, दवाखाना चालवला, नाटकं बसवली. शाळा तर आल्या आल्या सुरू केल्या. सायबेरियात पोरांची शिक्षणाची वर्षं वाया गेली होती, ती भरून काढायची आयांना घाई झाली होती. स्काउटची पथकं निघाली. खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं, आणि मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत (कॉन्सल) बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा या सगळ्यात राबत होते. किराबाई पुढे भारतातच राहिल्या, हैदराबादेत. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आसपासच्या गावांतली माणसं भाजी, फळं, दूध घेऊन कॅम्पात येत. पोलिश बायकांना मराठी येत नव्हतं, आणि कारभार चालायला तर हवा. मग विक्रेत्यांनीच पोलिश उचललं! उणे तापमानात गोठलेल्या या पोरांना आता कोल्हापूरचा पाऊस, साप, आंबे आणि केळी यांची सवय करायची होती. वयाची पाचएक वर्षं त्यांची इथं गेली. कॅम्पमधल्या एका मुलीनं कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं आणि ती इथलीच सून झाली.

बाप आणि थोरले भाऊ तेव्हा इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये मोन्टे कॅसिनोचा डोंगर आंदेर्सच्या पोलिश सैनिकांनी सर केला.

आणि ज्या बाजूनं ते लढले ती बाजू जिंकली. पण ब्रिटन, अमेरिका आणि रशिया यांच्या याल्टाच्या बैठकीत, फेब्रुवारी १९४५ मध्ये, पूर्व पोलंड सोव्हिएत युनियनला देऊन टाकण्यात आला. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं नेमकी तिथलीच होती. युद्ध संपलं, त्यांची गावं जागेवर होती, पण ती आता दुसऱ्याच देशात. जुलैमध्ये ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. पुढची सोय आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेली. काही जण बदललेल्या पोलंडमध्ये परतले, काही आफ्रिकेकडे वळले, बरेच इंग्लंडला गेले, आणि कित्येकांनी पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा गाठलं. १९४८ मध्ये कॅम्प रिकामा झाला. जे इथं वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरातच आहेत.

(दृश्य: आजचं गांधीनगर, कापडबाजार)

बराकी फार काळ ओस राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना इथंच आसरा देण्यात आला. पोलिश माणसं जिथं हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली, ती कराची या कुटुंबांच्याच सिंधची राजधानी. रेषा आखणारे निराळे होते, पण घर गमावलेली माणसं एकाच छपराखाली आली. सिंधी लोकांनी कष्टानं व्यापार उभा केला. गांधीनगरचा घाऊक कापडबाजार म्हणजे तोच जुना कॅम्प. लग्नाच्या बस्त्यासाठी तिथं गर्दी करणाऱ्या कितीजणांना हा इतिहास माहीत असेल?

पोलंडनं मात्र तो जपला. वॉर्सॉमध्ये मोन्टे कॅसिनोच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचं स्मारक आहे. २०१९ मध्ये कॅम्पात वाढलेली काही मंडळी उतारवयात कोल्हापूरला येऊन गेली. कॅम्पात वाढलेल्यांनी त्याआधीच लंडनमध्ये संघटना काढली होती, आठवणींचा जाडजूड ग्रंथ केला होता. आपल्या बाजूची पानं अजून भरायची आहेत. तुमच्या घरातल्या कुणी त्या कॅम्पात दूध घातलं असेल, भाजी विकली असेल, बराकी बांधायला हात लावला असेल, किंवा सिंधहून येऊन त्याच खोलीत संसार मांडला असेल, तर ती आठवण नाव-गावासकट लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, ती माणसं आता थोडीच उरली आहेत.