शुक्रवारी घरी जाणारा कागद

(न्यू जर्सीतल्या मराठी शाळांच्या शिक्षक-पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. आठवडाभर नोकरी करून रविवारी सकाळी मुलांकडून 'ळ' गिरवून घेणारी तुम्ही मंडळी. तुमच्यासमोर बोलायला बोलावलं ते एवढ्याचसाठी, की मी बरीच वर्षं इथल्या एका ज्यू शाळेत गणित शिकवलं. 'ते लोक आपली परंपरा कशी टिकवतात ते सांगा,' असा निरोप होता. इतक्या मोठ्या प्रश्नाला हात घालायची माझी तयारी नाही. त्या शाळेतला आठवडा कसा जातो, ते मात्र सांगू शकते.

ही रविवारची शाळा नव्हे. सोमवार ते शुक्रवार, पूर्ण दिवसाची. अमेरिकेत अशा शाळांची 2013-14 साली गणती झाली, तेव्हा त्यांत सुमारे अडीच लाख मुलं होती. बहुसंख्य कर्मठ वळणाच्या शाळांतली. आमची शाळा परंपरा पाळणारी, पण मुलं-मुली एका वर्गात बसवणारी. सकाळी आधी प्रार्थना, मग अर्धा दिवस हिब्रू आणि तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ, उरलेला अर्धा दिवस इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास. एकाच वर्गाला दोन बाई. सकाळच्या बाईंना ताजीतवानी मुलं मिळायची, मला दुपारची पेंगुळलेली. शिक्षकांच्या खोलीत यावरून आमची जी धुसफूस चालायची ती तुम्हाला सांगायला नको.

आता आठवडा. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. वाचनासाठी त्यांचे 54 भाग पाडलेले आहेत. दर शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, त्या आठवड्याचा भाग वाचतात, कधी दोन जोडून, आणि वर्षभरात पाचही पुस्तकं संपवून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात. हाच भाग शाळेत आठवडाभर चालतो. पहिलीतला मुलगा महापुरातून वाचलेल्या नोहाची नाव रंगवत असतो, तेव्हा वरच्या वर्गातली त्याची बहीण त्याच नोहाबद्दल भांडत असते, की 'आपल्या पिढीत तो सज्जन होता' ही स्तुती म्हणायची की टोमणा. दोघं एकाच गाडीतून घरी जातात आणि दोघांकडे बोलायला एकच गोष्ट असते. मला हे फार हुशारीचं वाटलं. आपल्या शाळांत थोरल्याचं पुस्तक वेगळं, धाकट्याचं वेगळं, आणि आईबाबांना दोन्हींतलं काही ठाऊक नसतं.

एक तास मी मागे बसून पाहिला होता, तो जरा सविस्तर सांगते. वर्षातला पहिलाच भाग, काईन आणि हाबेल या भावांची गोष्ट. हिब्रूत तिथे एक चमत्कारिक जागा आहे. 'काईन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला' असं वाक्य येतं, आणि काय म्हणाला तेच दिलेलं नाही. पुढचं वाक्य थेट, 'ते शेतात असताना काईन उठला आणि त्याने त्याला ठार मारलं.' बाईंनी मुलांना ते मोठ्याने वाचायला लावलं आणि गप्प राहिल्या. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, 'बाई, इथे छापायचं राहिलंय.' बाई म्हणाल्या, 'राहिलंय असं धरू नका. हे असंच लिहिलंय असं धरा. मग तो काय म्हणाला असेल?'

मग दोघादोघांच्या जोड्या. या पद्धतीला ते हेवरुता म्हणतात. दोघांनी मिळून मजकूर मोठ्याने वाचायचा आणि त्यावर वाद घालायचा. वर्गात इतका कालवा, की आपल्याकडे मुख्याध्यापक धावत आले असते. कुणी म्हणे शिवी दिली असेल, कुणी म्हणे माफी मागितली असेल. हे झाल्यावर बाईंनी जुन्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, काय म्हटलंय ते काढलं. एक सांगतो, दोघांनी जग वाटून घेतलं, एकाला जमीन आणि दुसऱ्याला हलवता येण्यासारखं सगळं. मग एक म्हणाला, 'तू उभा आहेस ती जमीन माझी, हवेत उड.' दुसरा म्हणाला, 'तुझ्या अंगावरचे कपडे माझे, उतरव.' झालं, मारामारी. दुसरा रब्बी म्हणतो, जमीनजुमल्याचं नव्हे, देवाचं मंदिर कुणाच्या वाट्याच्या जागेत बांधायचं यावरून भांडण होतं. दोन्ही मतं मुलांच्या उत्तरांशेजारीच फळ्यावर लिहिली. बरोबर कोणतं, हे तासाच्या शेवटीही सांगितलं नाही. 'पुढचं घरी विचारा,' म्हणाल्या.

जरा वरच्या वर्गांत राशी येतो. हा अकराव्या शतकातला फ्रान्समधल्या त्रुवा गावचा भाष्यकार, 1040 ते 1105. त्याचं भाष्य वेगळ्या वळणाच्या अक्षरांत छापतात, ती अक्षरं मुलांना नव्याने शिकावी लागतात. पण त्याने काय म्हटलं हे पाठ करून भागत नाही. बाई विचारतात, 'राशीला इथे काय खटकलं, म्हणून त्याने हे लिहिलं?' टीप आधी वाचायची आणि मूळ मजकुरातली अडचण आपण शोधायची. मी हे उचलून गणितात वापरलं. उत्तर फळ्यावर लिहायचे आणि प्रश्न काय असेल ते विचारायचे.

या पद्धतीमागे एका शिक्षिकेचा मोठा हात आहे. नेहामा लाइबोविट्स, जन्म रीगा शहरात, 1905 सालचा. जर्मनीत शिकल्या आणि 1930 मध्ये पॅलेस्टाइनला आल्या. 1942 पासून त्यांनी दर आठवड्याच्या भागावर एक प्रश्नपत्रिका काढून टपालाने पाठवायला सुरुवात केली. उत्तरं नाहीत, नुसते प्रश्न. अवघड प्रश्नापुढे एक फुली, फार अवघड असला तर दोन. माणसं उत्तरं लिहून पाठवायची, बाई ती लाल शाईने तपासून परत पाठवायच्या. शिक्षक, सैनिक, किबुत्झ या सामुदायिक वस्त्यांमधले कामकरी, सगळे विद्यार्थी. जवळजवळ तीस वर्षं हे चाललं. त्या 1997 मध्ये वारल्या. थडग्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे नावापुढे एकच बिरुद आहे, शिक्षिका.

आमच्या शाळेतून शुक्रवारी घरी जायचा तो कागद याच कुळातला. एक पान, त्या आठवड्याच्या भागावर तीन-चार प्रश्न, खाली मोठ्यांसाठी एक जादा. शुक्रवारच्या रात्रीचं जेवण हे सगळ्यांनी एकत्र बसायचं जेवण. शाब्बात, म्हणजे शनिवारचा विसावा, सुरू झालेला, टीव्ही बंद, फोन बंद. ताटं वाढल्यावर मूल तो कागद काढतं आणि बापाला विचारतं. बापाला येत नसेल तर त्याची फजिती, आणि ती मुलाला फार आवडते. म्हणजे शाळेची खरी तोंडी परीक्षा घरी, जेवताना, आणि परीक्षक मूल.

शुक्रवारचं वेळापत्रक सूर्य ठरवतो. शाब्बातच्या मेणबत्त्या मावळतीच्या 18 मिनिटं आधी लावायच्या. इथे डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, मग शाळा दुपारीच सुटणार. हिवाळाभर माझा शुक्रवारचा तास बुडायचा. शेवटी मी मेणबत्त्यांच्या वेळांचाच आलेख मुलांकडून काढून घेतला, निदान तेवढं तरी गणित व्हावं म्हणून.

सगळं छानच आहे असं समजू नका. एक तर फी. वर्षाला वीस-तीस हजार डॉलर, तेही एका मुलाचे. दोन-तीन मुलं असली की मध्यमवर्गीय कुटुंबाचं कंबरडं मोडतं. दुसरं, मुलं दमतात. दोन अभ्यासक्रम एका दिवसात कोंबायचे म्हणजे कुणाचं तरी खेळणं कापलं जाणारच. तिसरी गंमत अशी की भागांचं वर्ष शरद ऋतूत सुरू होतं आणि शाळेला जूनमध्ये सुट्टी लागते. त्यामुळे पाचवं पुस्तक दरवर्षी बरंचसं सुट्टीत जातं. उत्पत्तीचं पहिलं पुस्तक मुलांना तोंडपाठ आणि 'अनुवाद' नावाच्या या पाचव्या पुस्तकाशी जुजबी ओळख. आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकातले शेवटचे धडे परीक्षेच्या तोंडावर उरकतात, तसंच.

शिक्षकांसाठी एक जुनं खाद्य देते. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या वादचर्चांच्या जुन्या ग्रंथात, वर्गसंख्येचा नियम आहे. पंचवीस मुलांना एक शिक्षक. चाळीस झाली तर मदतनीस द्यायचा, पन्नासांना दोन शिक्षक. दीड हजार वर्षांपूर्वीचा नियम हा, आणि आपल्याकडे साठ-साठ मुलांचे वर्ग आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्याच पानावर वाद आहे. एक शिक्षक भरभर पुष्कळ शिकवतो पण चुका राहतात, दुसरा थोडं शिकवतो पण अचूक. नेमायचा कोणाला? रावा नावाचा पंडित म्हणतो पहिल्याला, चुका पुढे आपोआप जातात. नहारदिआ गावचा रब्बी दिमी म्हणतो दुसऱ्याला, एकदा शिरलेली चूक निघत नाही. शुद्धलेखनावरून तुमच्या बैठकीत होणारा वाद याहून वेगळा नसावा. मी दिमीच्या बाजूची, पण मी गणितवाली.

हे सगळं आपल्याला परकं वाटतं, पण तसं ते नाही. कोकणातले मराठी ज्यू म्हणजे बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणायचे, त्यांची मुंबईत शाळा होती. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये काढलेली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. रिबेका रूबेन 1922 ते 1950 तिच्या मुख्याध्यापिका होत्या. आज तिथे ज्यू मुलं जवळपास नाहीत. त्याहून मला आवडतं ते त्यांचं कीर्तन. 1880च्या सुमारास मुंबईत या मंडळींनी आपल्या हरिदासी कीर्तनाचा साचा घेतला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत लावली. ज्या गोष्टी हिब्रूत समजत नव्हत्या त्या बायकामुलांपर्यंत ओवी-साकीतून पोचल्या.

पुढे यातले बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे तोरा सरकारी शाळेच्याच वेळापत्रकात आला. घरी उरली मराठी. आता तिथली आजी नातवंडांशी मराठी बोलते आणि नातवंडं हिब्रूत उत्तर देतात. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे काढलं.

माझी सूचना लहानशी आहे. पुढच्या रविवारी बालवाडीपासून मोठ्या गटापर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट द्या. चिमणी-कावळ्याची द्या हवं तर. कावळ्याचं घर शेणाचं का, चिमणीने दार उघडायला इतका वेळ का लावला, असे तीन प्रश्न मराठीत लिहून कागद घरी पाठवा, आणि खाली लिहा, 'हे बाबांना विचारा.' आता वेळ झाली, तुमचे प्रश्न घेते.