फुकटचं नेट आणि शेडवरचा बेदाणा

नमस्कार मंडळी, सांगलीतून बोलतोय. आज नेट न्यूट्रॅलिटीचं बोलायचंय. नाव अवघड आहे पण गोष्ट साधी, डेटाचे पैसे आपण भरलेत तर तो कुठल्या साइटवर घालवायचा ते मोबाइल कंपनीनं ठरवायचं नाही.

माझा पुतण्या तासगावला असतो, घरची द्राक्षं, स्वतःची बेदाण्याची शेड. रॅकच्या जाळीवर हिरवा बेदाणा पसरलेला असतो, तिथंच उभा राहून फोटो काढतो, आपल्या छोट्या वेबसाइटवर टाकतो आणि पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक ते बघून ऑर्डर देतं. आता समजा मोठ्या शॉपिंग अ‍ॅपनं कंपनीला पैसे मोजले, ते अ‍ॅप फुकट उघडतंय आणि पुतण्याची साइट उघडली की डेटा कटतोय, मग कोण येणार ह्याच्याकडं? माल चांगला असून पोरगं बसून राहणार.

2015 ला हेच चाललेलं. एअरटेल झीरोत डेटाचे पैसे अ‍ॅपवाले भरणार होते, फेसबुकच्या फ्री बेसिक्सवर ठराविकच साइट फुकट. डेटा तेव्हा महाग, त्यामुळं मिळतंय तर घ्या की, असं मलापण वाटलेलं. पण लोकांनी ट्रायला, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, लाखांनी ईमेल पाठवले आणि 8 फेब्रुवारी 2016 ला नियम आला, साइट बघून रेट लावायचा नाही, लावला तर दिवसाला 50 हजार दंड, जास्तीत जास्त 50 लाख.

त्यातच एक सवलत आहे, ती आपल्या सांगलीकरांना लगेच कळंल. ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा, आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, लाइट नाही, मोबाइलची बॅटरी संपत आलेली आणि आम्ही सारखं कोयनेतनं किती पाणी सोडलंय तेच बघत होतो. अशा संकटात कंपनीला डेटा स्वस्त करता येतो, फक्त सात कामाच्या दिवसांत ट्रायला कळवायचं. म्हणजे गरजेला सूट आहेच, धंद्याच्या सोयीला नाही, आणि हे मला मनापासून पटतं.

जुलै 2018 ला सरकारनं साइट अडवायची नाही, मुद्दाम स्लो करायची नाही हेपण मान्य केलं. आता कंपन्या म्हणतात, मोठ्या अ‍ॅपनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. टॉवरला पैसा लागतो, मान्य, पण पैसे देणारा उद्या बदल्यात स्पीड मागणारच की, त्यामुळं माझा विरोध आहे. पुतण्या ह्या हंगामात शेडवरनं व्हिडिओ टाकणारे, तो साताऱ्यातल्या गिऱ्हाइकाला मोठ्या अ‍ॅपच्या व्हिडिओइतकाच पटकन दिसला पाहिजे.