खिशातला चाकू, फौजी कामाचा

(दृश्य: नांदेड. गुरुद्वाऱ्याकडे जाणारी गल्ली. दुकानांत मांडलेली कडी आणि कृपाणं.)

सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पोलाद विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. यात्रेकरू येतात, कडं मनगटावर चढवून बघतात, कृपाण हाताळतात. सुट्टीवर आलेला मराठवाड्यातला जवान मात्र बाजारात दुसऱ्याच एका वस्तूपाशी रेंगाळतो. घडीचा चाकू. काळा रंग, मुठीवर कवटी नाहीतर गरुड, पात्यावर ठळक अक्षरांत ‘आर्मी’. आणि किंमत अशी, की हात आपसूक पाकिटाकडे जातो.

‘आर्मी’ लिहायला एक ठसा पुरतो. चाकू फौजी कामाचा आहे की नाही, हे पात्याची घडी जिथे वळते तिथे बघायचं असतं.

पण आधी काम कुठलं ते पाहू. सिनेमाने आपल्या डोक्यात भरवलेलं काम या चाकूला कधीच पडत नाही. लढाईसाठी रायफल आहे, तिला संगीन आहे. खिशातल्या चाकूच्या वाट्याला येते ती दोरी, पॅकिंगची पट्टी, चिकटपट्टी, राशनचं पाकीट, तंबूची सुतळी, वायरीवरचं आवरण आणि संध्याकाळचा कांदा. छत्रपती संभाजीनगरला प्रादेशिक सेनेची पर्यावरण बटालियन आहे. मराठवाड्याच्या उघड्या माळांवर झाडं लावणं हे तिचं काम. रोपाची काळी पिशवी मुळं न दुखवता उभी चिरायची, बांबूला रोप बांधून सुतळी तोडायची. दिवसभर हेच करायचं, तर हातभर पातं काय कामाचं?

(दृश्य: जुन्या फौजी चाकूंची छायाचित्रं.)

जगभरच्या सैन्यांनी जवानाच्या खिशात जे चाकू दिले, ते दिसायला साधेच होते. स्वित्झर्लंडने १८९१ मध्ये सैनिकांना घडीचा चाकू दिला तो दोन कामांसाठी: डबा उघडायचा आणि नवी रायफल खोलायची. म्हणून त्यात पात्याबरोबर डबा फोडायचं अवजार आणि पेचकस आला. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या चाकूची पहिली खेप स्वित्झर्लंडमध्ये बनलीच नव्हती, ती जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली. अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरने, म्हणजे संदेशवहनाच्या दलाने, तारा जोडणाऱ्यांना दिलेल्या टीएल-२९ चाकूत एक पातं आणि एक पेचकस, एवढंच होतं. त्यात लॉक, म्हणजे उघडलेलं अवजार मिटू न देणारा अडसर, होतं ते पेचकसाला. जोर पेचकसावर येतो, म्हणून. कुठे लॉक हवं आणि कुठे नको, हा हिशेब त्या काळीही कुणीतरी नीट केला होता.

स्वस्त चाकूत पहिला घोटाळा होतो तो याच लॉकचा.

(दृश्य: टेबलावर तीन-चार चाकू. हात एकेक उघडतो. खटक्यांचे आवाज.)

सगळ्यात जुनी तऱ्हा म्हणजे पाठीतली स्प्रिंग. पातं उघडलं की स्प्रिंगच्या दाबावर उभं राहतं, लॉक नाहीच. उलटा जोर दिला की मिटतं. हे माहीत असलेला माणूस टोकाने भोसकत नाही, धारेने ओढून कापतो आणि बोटं जपतो.

दुसरी तऱ्हा लायनर लॉक. तिचं आजचं रूप १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घडलं, आणि आज बाजारातल्या बहुतेक स्वस्त चाकूंत तेच असतं. मुठीच्या आतली पट्टी आडवी सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून उभी राहते. पट्टी जाड आणि टेकण्याची जागा नीट घासलेली असेल, तर काम चोख. पण पैसे वाचवायचे झाले की कारखानदार आधी हीच पट्टी पातळ करतो, कारण ती मुठीत झाकलेली असते. मग पत्र्यासारखी ती पट्टी बुडाच्या कडेला जेमतेम चिकटते. उघडताना खटका मात्र झकास वाजतो!

तिसरी तऱ्हा पाठीवरच्या लॉकची. मुठीच्या मागचा दांडा दाबला की सुटतं. मजबूत असतं, पण त्याच्या खाचेत वाळू किंवा चिखल बसला तर दांडा पूर्ण खाली उतरत नाही. राजस्थानात पोस्टिंग असलेल्याने हे लक्षात ठेवावं. अलीकडे आडव्या दांडीचं, म्हणजे क्रॉसबार लॉक स्वस्तातही मिळू लागलंय, कारण त्याच्या मूळ पेटंटची मुदत संपली. ते डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखं चालतं, हातमोजे घालूनही सुटतं. त्याचा जीव मात्र दोन बारीक तारांच्या स्प्रिंगांत असतो.

फ्रान्सच्या ओपिनेलची गोष्ट आणखी सोपी. १८९० पासूनचा हा शेतकऱ्यांचा चाकू. लाकडी मूठ, पातळ पातं, आणि १९५५ पासून गळ्याशी फिरणारी पोलादी कडी. कडी फिरवली की पातं अडलं. बिघडण्यासारखं काही नाही. एकच खोड: पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं उघडायला नखं लागतात. ईशान्येच्या जंगलात हा चाकू नेणारा आधी मुठीला जवसाचं तेल पाजतो, किंवा नंतर शिव्या देतो.

माझं मत स्पष्ट आहे. खिशात हजारच्या आत पैसे असतील तर लॉकचा हट्ट सोडा आणि चांगल्या स्प्रिंगचा साधा चाकू घ्या. लॉक नसलेल्या चाकूवर कुणी भरवसा टाकत नाही. फसव्या लॉकवर टाकतो, आणि पातं बोटांवर मिटतं.

दुकानात पारख करायला मिनिटभर पुरतं. पातं उघडा, चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. डुलतं का? लॉकचा चाकू असेल तर मग लॉककडे पाहा: लायनर लॉकची पट्टी पात्याच्या बुडाखाली अंदाजे तिसऱ्या हिश्श्याएवढी तरी गेली पाहिजे, पण पार पलीकडच्या भिंतीला टेकलेली नको. शेवटी मिटण्याच्या वाटेतून बोटं बाजूला काढून पात्याची पाठ लाकडी फळीवर हळूहळू दाबा. सुटलं, तर चाकू काउंटरवर ठेवा आणि चहा प्या. ‘साहेब, इंपोर्टेड आहे’ हे उत्तर तोवर आलेलं असेलच.

(दृश्य: जालना. रोलिंग मिलमधून बाहेर येणाऱ्या तांबड्या सळया.)

आता पोलाद. जालना हे आपलं पोलादाचं गाव, पण इथली सळई चाकूच्या कामाची नाही. बांधकामाच्या सळईत कार्बन मुद्दाम कमी ठेवतात, ०.३ टक्क्याच्या आत, म्हणजे ती वाकते, तुटत नाही. धार टिकवायला साधारण अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन लागतो. आपल्या लोहाराला हे आकड्यांशिवाय ठाऊक आहे. म्हणून घिसाडी कोयता घडवतो तो ट्रकच्या कमानपाट्याचा, सळईचा नव्हे.

घडीच्या स्वस्त चाकूवर दोन नावं हमखास दिसतात. ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद: कार्बन सुमारे ०.८ टक्के, क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास. गंज कमी, धार लवकर लागते, लवकर उतरते. दुसरं डी-२. मुळात हे साच्यांचं पोलाद, कार्बन दीड टक्क्याच्या घरात. धार खूप टिकते, पण ते पुरतं स्टेनलेस नाही आणि एकदा बोथट झालं की साध्या दगडाला दाद देत नाही. पात्यावर नुसतंच ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर ते नाव नाही, जात आहे. त्यावरून काही कळत नाही. पोलादाचे थर घडवून येणारी लाटा-लाटांची ‘दमास्कस’ नक्षी हजार रुपयांत मिळाली, तर ती आम्लाने किंवा लेझरने वरवर उठवलेली समजा.

चौकीवर हिऱ्याचा धारदगड नसतो. असतो तो निसणा, नाहीतर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडा. तिच्यावर धार येईल असंच पातं फौजीने घ्यावं. स्विस फौजी चाकू बनवणारी व्हिक्टोरिनॉक्स आपली पाती कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५६ अंकांच्या आसपासच ठेवते. चाकूंचे शौकीन त्याला मऊ म्हणून नाक मुरडतात. त्यांना रात्री तंबू बांधायचा नसतो.

(दृश्य: आठवडी बाजार. घिसाड्याचा भाता, ऐरण. धार लावून घ्यायला आलेल्या बाया.)

घिसाड्याकडे चाकू पाजवायला देताना एक सांगावं लागतं: फिरत्या चाकावर धरू नका. पातळ पातं चाकावर तापतं, निळं पडतं, आणि त्याला दिलेलं पाणी उतरतं. मग ती जागा कितीही घासा, धार धरत नाही. कोयत्याला चालतं ते याला चालत नाही.

तेलाचंही तसंच. घरी खोबरेल असतं, आई तेच डबीत भरून देते. पण खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. लडाखमध्ये चाकूच्या खिळ्यात त्याचं मेण होऊन बसेल. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब न्यावा. आणि कार्बन पोलादाच्या पात्याने जालन्याची मोसंबी कापली तर ते काळपट होतं. तो गंज नव्हे, पुसून तेल लावलं की पुरे.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, घरकाम आणि शेतीची अवजारं वगळून. तीन इंचांचा घडीचा चाकू त्या मापात बसत नाही. पण सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा गावात खिशात चाकू घेऊन फिरू नये, सुट्टीवरच्या फौजीनेही नाही.

आणि सुट्टी संपवून विमानाने जाणार असाल तर चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत निघाला तर तपासणीच्या टेबलावरच राहतो, मग तो कितीही चांगला असो.