उशाशी पसरणारा आजार

(साताऱ्यातील एका व्याख्यानमालेत एका फिजिशियनने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय वटवाघळांकडून येणाऱ्या निपाह विषाणूचा आणि सभागृह साताऱ्यातलं. तेव्हा महाबळेश्वरच्या गुहेपासूनच सुरुवात केलेली बरी, नाहीतर तुमचं सगळं लक्ष प्रश्नोत्तरांकडे लागून राहील.

मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या एका गुहेतली वटवाघळं पकडून तपासली. काहींच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, सापडली, आणि विषाणूच्या जनुकीय खुणाही मिळाल्या. ही बातमी आपल्यापर्यंत आली 2021 च्या जूनमध्ये. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने आपण आधीच मेटाकुटीला आलो होतो. मला फोन यायचे, ‘डॉक्टर, स्ट्रॉबेरी खाल्ली तर चालेल का?’ जूनमध्ये यांना स्ट्रॉबेरी कुठं मिळाली, हे मी विचारलं नाही. आता शांतपणे सांगतो : त्या गुहेमुळे कुणी माणूस आजारी पडल्याची नोंद नाही. वटवाघळाच्या अंगात विषाणू असतो म्हणून तो लगेच आपल्या घरात येत नाही. मध्ये कुठली तरी वाट असावी लागते, आणि ती बहुतेक वेळा माणसानेच करून दिलेली असते.

मलेशियाचं उदाहरण घ्या. 1998 च्या अखेरीस तिथल्या डुक्करपालकांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. सरकारला वाटलं, हा डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर. मग धूरफवारणी झाली, लशी टोचल्या. तरी माणसं मरतच होती, लस घेतलेलीसुद्धा. बारकाईने पाहिलं असतं तर गणित जुळत नव्हतं. जपानी मेंदूज्वर लहान मुलांना जास्त होतो, इथे मात्र डुकरांत राबणारे धडधाकट पुरुष पडत होते. डास काय माणूस बघून चावतो? आणि डुकरं स्वतःही आजारी होती, लांबवर ऐकू जाईल असं खोकत होती. शेवटी 1999 मध्ये डॉ. चुआ काव बिंग यांनी एका रुग्णाच्या नमुन्यातून नवाच विषाणू वेगळा केला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला निपाह म्हणू लागले. डुकरांच्या गोठ्यांना लागून आंब्याची झाडं होती. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळं खाली पडत, ती डुकरं खात, आणि डुकरांकडून रोग माणसाला होई. मलेशियात शंभरावर माणसं गेली आणि दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली.

बांगलादेशात डुकरांचा संबंधच नाही. तिथे हिवाळ्यात खजुरीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडकं बांधतात आणि पहाटे ताजा रस पितात. आपल्याकडे शिंदीची नीरा काढतात, तसंच. संशोधकांनी झाडांवर रात्री चालणारे कॅमेरे लावले, तेव्हा वटवाघळं येऊन तीच धार चाटताना दिसली. कधीकधी मडक्यातच मुतून जातात. उपायही तिथल्याच माणसांच्या हातचा निघाला : खाचेवर आणि मडक्यावर बांबूची चटई बांधायची. तुम्ही नीरा पीत असाल तर ती कुठून येते आणि मडक्याचं तोंड रात्री झाकतात का, एवढं विचारून घ्या. बंद करा असं मी म्हणत नाही.

आता आज मुख्यतः जे सांगायचंय तिकडे येतो. माणसाकडून माणसाला निपाह होतो, पण तो गोवरासारखा किंवा कोरोनासारखा उधळत नाही. बांगलादेशात 2001 ते 2014 या काळातल्या 248 रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या 82 जणांना तो दुसऱ्या माणसाकडून झाला होता. बहुतेक रुग्णांनी कुणालाच दिला नाही. दिला तो मोजक्या रुग्णांनी, आणि त्यात श्वासाचा त्रास असलेली, खोकणारी प्रौढ माणसं पुढे होती. कुणाला दिला? तर जो उशाशी बसला होता त्याला. ज्याने तोंड पुसलं, चमच्याने पेज भरवली, उलटी काढली त्याला.

2018 चं केरळ आठवा. कोझिकोडे जिल्ह्यातला पहिला रुग्ण 5 मे रोजी गेला. तेव्हा हा काय आजार आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याला आधी पेरांब्रा तालुका रुग्णालयात ठेवलं होतं, मग मेडिकल कॉलेजला नेलं. तिथे स्कॅनसाठी त्याला ज्या व्हरांड्यात थांबवलं, तिथेच आसपास थांबलेली, त्याच्याशी काही नातं नसलेली माणसं बाधित झाली. व्हरांडा कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. स्ट्रेचर भिंतीला लावलेलं, शेजारी दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक, कुणी टेकून उभं, कुणी पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं, आणि मध्येच रुग्णाला खोकल्याची उबळ. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात सकाळी अकराला जाऊन बघा. पेरांब्र्यात त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी 21 मे रोजी गेल्या. एका रुग्णापासून साखळी सुरू झाली, आणि निदान नक्की झालेल्यांतले फक्त दोघं वाचले.

तिथल्या डॉक्टरांना शंका कशी आली, हे आमच्या धंद्यातल्या तरुणांनी लक्षात ठेवावं. तो पहिला रुग्ण मेंदूज्वराने गेला, आणि काही दिवसांत त्याच घरातला त्याचा भाऊ तशाच लक्षणांनी आला. मेंदूज्वराचे दोन रुग्ण एका घरात सहसा होत नाहीत. डॉक्टर तिथे थबकले, नमुने कर्नाटकातल्या मणिपालच्या प्रयोगशाळेला पाठवले, पुण्याच्या विषाणू संस्थेने शिक्कामोर्तब केलं. यात महागडं यंत्र नंतर आलं. आधी कुणीतरी घरची हकीकत विचारली.

लक्षणं सांगतो. विषाणू शिरल्यावर साधारण 4 ते 14 दिवसांत ताप येतो. डोकं दुखतं, अंग मोडून येतं, उलट्या होतात, घसा धरतो. पावसाळ्यात आपल्या ओपीडीत बसलेल्या निम्म्या माणसांना हेच झालेलं असतं : डेंग्यू, चिकुनगुनिया, लेप्टो, साधा फ्लू. पहिल्या दोन दिवसांत बघून ओळखता येईल असा दावा कुणी करू नये. चित्र बदलतं ते पुढे. माणूस सुस्तावतो, असंबद्ध बोलतो, घरच्यांना ओळखत नाही, झटके येतात, आणि एकदोन दिवसांत बेशुद्धीत जातो. काहींना दम लागतो. मलेशियात हा दम कमी दिसला, बांगलादेश आणि भारतातल्या प्रकारात जास्त दिसतो, म्हणूनच इथे माणसाकडून माणसाला जास्त होतो. लागण झालेल्यांपैकी 40 ते 75 टक्के दगावतात. वाचलेल्यांपैकी काहींना झटके किंवा स्वभावातला बदल मागे राहतो, क्वचित महिन्या-वर्षांनी मेंदूज्वर पुन्हा उलटतो. मान्यताप्राप्त लस नाही, खात्रीचं औषध नाही. ऑस्ट्रेलियाहून आणलेली प्रतिपिंडं हाताशी ठेवली जातात, पण ती प्रायोगिक आहेत.

मग आपण काय करायचं? तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगतो : पाहायला जाणं कमी करा. आपल्याकडे कुणी ॲडमिट झालं की जीप भरून माणसं येतात. आत्या, मामा, चुलत सासरे, सगळे आत जातात, रुग्णाचा हात हातात घेतात, बाहेर येऊन त्याच हाताने बिस्किटं वाटतात. नाही गेलं तर वर्षभर बोलणी खावी लागतात, हेही मला माहीत आहे. पण तापाबरोबर भान हरपलेला माणूस असेल तर उशाशी एकच, तोही मास्क आणि हातमोजे घालून. हा विषाणू साबणाने मरतो. उलटी, लाळ, लघवी लागलेले कपडे उघड्या हाताने पिळू नका. आणि माणूस गेलाच तर अंघोळ घालण्याचा, शेवटचं तोंड पाहण्याचा आग्रह धरू नका. पार्थिव तेव्हाही संसर्गजन्य असतं. हे सांगणं मला फार जड जातं, पण डॉक्टरने नाही सांगायचं तर कुणी?

डॉक्टरांना तुम्ही स्वतःहून सांगा की गेल्या दोन-तीन आठवड्यांत केरळात किंवा बंगालमध्ये जाणं झालं होतं, कच्चा रस प्यायला, अशाच कुणा आजाऱ्याची सेवा केली. आम्ही विचारायला विसरतो. ओपीडीत शंभर माणसं असतात, हे कारण आहे, सबब नाही.

(प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारले : आमच्या गावच्या वडावर शेकडो वटवाघळं आहेत, ती हाकलायची का?)

मुळीच नाही. फटाके वाजवले, फांद्या तोडल्या तर ती पांगून दुसऱ्या गावात जातील, एवढंच. ऑस्ट्रेलियात निपाहचा भाऊबंद हेंड्रा विषाणू आहे. तिथे दिसलं ते असं, की वटवाघळांचं जंगल तुटलं आणि त्यांची उपासमार झाली, तेव्हाच तो घोड्यांपर्यंत जास्त पोचला. शिवाय उंबर, जांभूळ यांचं बी हीच वटवाघळं रानोमाळ पसरवतात. वडाखाली गुरं बांधू नका, तिथे उघडं पाणी ठेवू नका. खाली पडलेलं, दात लागलेलं फळ मुलांना देऊ नका. बाकीची फळं धुऊन, सोलून खा. मेलेलं वटवाघूळ दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, आणि कुत्र्याला बांधून ठेवा.