सकाळची गोळी खिशात ठेवून या

नमस्कार श्रोतेहो. गेवराईकडचा एक तरुण शेतकरी माझ्याकडे तपासणीला येतो. आईनं त्याला किडनी दिलीय. पहाटेच्या एसटीनं निघतो, प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमसची गोळी शर्टाच्या खिशात ठेवतो आणि रक्त दिल्यावरच घेतो. कारण गोळीची रक्तातली पातळी सकाळची गोळी पोटात जाण्याआधी मोजायची असते.

पुष्कळ जण मात्र सहा महिन्यांत यायचे थांबतात. लघवी मोकळी होते, अंग धरलंय, मग खेटे कशाला? गाडीभाडं, बुडालेला रोज, सगळं मला कळतं. तरी ऐका.

बीके नावाचा एक विषाणू आहे. 1971 साली किडनी बसवलेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडला; नाव पडलं त्या रुग्णाच्याच आद्याक्षरांवरून. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरून निपचित पडलेला असतो. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून आपण प्रतिकारशक्ती दाबून धरतो, तेव्हा तो उठतो. बहुतेकदा ना ताप, ना दुखणं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, वाढेपर्यंत किडनीला इजा झालेली असते.

खरी गोम पुढेच आहे. शरीर किडनी नाकारायला लागलं तरी क्रिएटिनिन असंच वाढतं. तिथे गोळ्यांचा जोर वाढवावा लागतो, बीकेत तो कमी करावा लागतो, कारण बीकेवर खात्रीचं औषध अजून नाही. वरून दोन्ही सारखंच दिसतं. शेजारच्या रुग्णाचं ऐकून गोळी कमी-जास्त केली, तर आईची किडनी हातची जाऊ शकते. म्हणून रक्तात बीके शोधणारी पीसीआर तपासणी सुरुवातीला महिन्याला आणि पुढे दोन वर्षांपर्यंत तीन महिन्यांनी करायची. कधी सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढूनही बघावं लागतं.

सीएमव्ही हा दुसरा विषाणू. तो ताप, जुलाब, गळाठा घेऊन येतो. त्याला आवर घालणाऱ्या व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या बऱ्याच जणांना पहिले तीन ते सहा महिने देतात. महाग आहेत. परवडत नसतील तर मोकळेपणानं सांगा, काही वाट काढू. पण गुपचूप निम्म्या करू नका.

आपल्याकडे टँकरचं पाणी पिंपांत साठतं, त्यात डासांच्या अळ्या होतात, मग डेंग्यू. पिंप झाकलेलंच ठेवा. ताप आला तर गावात दुखण्याची सुई टोचून घेऊन दिवस काढू नका, त्यातली काही औषधं किडनीलाच बाधतात. त्याच दिवशी आम्हाला फोन करा.

आणि तपासणीची तारीख जवळ आली असेल, तर सकाळची ती गोळी खिशात ठेवून या. नमस्कार.